विलाडीनची चाल

क्लिअर फोर्कच्या चर्चमध्ये दरसाल ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी दिवसभराचं गाणं असे, आणि त्यात कुणी एकशे एकविसावं पान पुकारलं की जुनी माणसं हळूच आर्वेला हॅस्क्यूकडे बघत. त्या पानावरची चाल आर्वेलानंच बांधलेली होती. रीतीप्रमाणे आधी सगळे नुसते स्वर गात, फा, सोल, ला, आणि त्यात आर्वेलाचा उंच आवाज फळ्यांच्या भिंतीतून आरपार जाई. मग शब्द सुरू झाले की ती पुस्तक मांडीवर उपडं ठेवी, तोंड मिटून घेई आणि गाणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसे. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते तिच्या अगदी समोर, खर्जाच्या बाकावर बसे. तो तिचा धाकटा भाऊ, कॉय बर्गिन.

दोघं ईलायस बर्गिनची पोरं. पिकाची कामं उरकली की ईलायस गावोगाव दहा-दहा दिवसांच्या गाण्याच्या शाळा घेई. त्यांच्या पुस्तकात प्रत्येक स्वराला आकार असे: त्रिकोण दिसला की फा, वाटोळं दिसलं की सोल, चौकोन दिसला की ला. हे त्याच्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी यायला लागलं होतं. घरात पियानो नव्हता, आणि त्या मंडळींना देवाच्या घरात वाद्य नकोच असे. आर्वेला चुलीपाशी उभ्या उभ्या डोक्यात चाल बांधी, मग कॉयला हाक मारून खर्ज गायला लावी, आईला मधला सूर देई, आणि चारही सूर एकमेकांना धरून चाललेत असं वाटलं की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं उतरवून काढी. चाल तिची आणि शब्दही तिचेच. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिच्याकडे निरोप येई, दगडावर घालायला दोन ओळी दे. क्लिअर फोर्कच्या दफनभूमीतल्या निम्म्या दगडांवर तिच्या ओळी होत्या. खाली नाव कुणी घालत नसे, पण अलाबामाच्या त्या डोंगरांत सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्न झालं ते डॉल्फ हॅस्क्यूशी. डॉल्फ लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करी. डाव्या हाताची दोन बोटं त्यानं तिथंच घालवली होती. गाणं त्याला अजिबात येत नसे. तो बायकोला चर्चपर्यंत सोडी आणि दिवसभर बाहेर झाडाखाली गाड्यांपाशी बसून राही.

त्यांची एकच मुलगी, विलाडीन. सगळे तिला डीनी म्हणत. १९३० च्या ऑगस्टात, नऊ वर्षांची असताना, तिला ताप आला. तो आठवडा गाण्याच्या मोठ्या मेळ्याचा होता, चाळीस मैलांवर. डॉल्फ पोरीपाशी थांबला आणि आर्वेला भावाच्या गाडीतून मेळ्याला गेली. दिवस कलताना परतली तेव्हा पोर ओळखेनाशी झाली होती. सुकलेल्या ओठांनी ती एकदा ‘पाणी’ म्हणाली आणि नंतर काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. विषमज्वर होता, आतडं फुटलं, असं डॉक्टर सांगून गेला.

त्या हिवाळ्यात आर्वेलानं एक चाल बांधली आणि तिला नाव दिलं ‘विलाडीन’. शब्दही लिहिले, चार कडवी. १९३५ साली पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. चाली गोळा करणाऱ्या समितीत कॉय होता. आर्वेलानं कागद त्याच्या हातात दिला. पुस्तक आलं तेव्हा एकशे एकविसाव्या पानावर चाल होती, वर तिचं नाव होतं, आणि खाली शब्द होते दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या इंग्रज पाद्र्याचे. मापात बसणारे, गोड, स्वर्गाच्या वाटेवरचे.

“समितीचं तसंच ठरलं,” कॉय म्हणाला होता. “तुझे शब्द बसले नाहीत.”

“अक्षरं आठ-सहा, आठ-सहा. बसले नाहीत कसे?”

कॉयनं टोपी उचलली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो विषय निघाला नाही. डुक्कर कापायच्या वेळी दोन्ही घरं एकत्र येत, आई गेली, बाप गेला, तेव्हा दोघांनी मिळून सगळं केलं. बोलणं कधी तुटलं नाही, पण पूर्वीसारखं ‘कॉय, इकडं ये, हा खर्ज गाऊन बघ’ असं आर्वेलानं पुन्हा कधी म्हटलं नाही. चाली ती बांधत राहिली. सगळ्या मिळून साठ-सत्तर भरल्या असतील. त्यांतल्या एकीलाही तिनं परत शब्द दिले नाहीत.

१९५७ च्या जुलैत कॉय तिच्या ओसरीवर आला. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत घालवल्यावर त्याची छाती गेली होती. चार पायऱ्या चढून आल्यावर तो खांबाला धरून उभा राहिला आणि बराच वेळ त्याच्या गळ्यातून नुसती शिट्टी वाजत राहिली. आर्वेला शेंगा सोलत होती.

“बस की.”

“बसतोच. उभं राहायला हवा लागते.” तो खुर्चीत टेकला. “डॉल्फ?”

“कुंपणाकडं गेलाय. काय काम होतं?”

“काम तुझ्याशीच आहे. मधे बोलू नकोस, आर्वी. एकदा थांबलो की परत सुरू व्हायला मला वेळ लागतो.”

तिनं मान हलवली.

“समितीनं तुझे शब्द काढले नाहीत. समितीनं ते बघितलेच नाहीत. मी कागद पुढं केला तेव्हा खालची अर्धी बाजू त्याला नव्हतीच. बाबांच्या वस्तऱ्यानं कापली मी. आणि जाळली.”

आर्वेलाच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. मग तिनं ती पुरी सोलली आणि दाणे टोपल्यात टाकले.

“का?”

“का म्हणून काय विचारतेस. तुला ठाऊक आहे.”

“नाही ठाऊक. बावीस वर्षं मी समितीच्या त्या रूएल टिडमोरला मनातल्या मनात शिव्या घालत्येय. त्याच्या बायकोनं दिलेलं लोणचंसुद्धा मी कधी खाल्लं नाही.”

कॉयला हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. खोकला थांबायला वेळ लागला. रुमाल खिशात घालत तो म्हणाला, “ते तिसरं कडवं. म्हण ते.”

आर्वेलानं ते नुसतं बोलून दाखवलं, बाजारातली यादी सांगावी तसं.

“तुझ्या दारी गात होते,
दीस सारा गेला;
घरी पाण्यासाठी तिने
माझा धावा केला.”

“बघ,” कॉय म्हणाला. “कोण घेऊन गेलं होतं तुला तिथं? साधा ताप आहे, उद्या उठून खेळेल, असं कोण म्हणालं? तू नसलीस तर वरच्या सुराचा बाक मुका होईल, असं मीच म्हणालो होतो ना? ते पुस्तकात छापून येणार, तीन राज्यांतली माणसं ते गाणार, आणि मी तुझ्यासमोर बसून त्याला खर्ज लावणार? नाही झालं माझ्यानं. ज्यानं तुझी पोर मारली त्यानंच...”

“कॉय.” तिनं टोपलं खाली ठेवलं. “त्यात ‘मी’ आहे. मी गात होते. त्यात तू कुठून आलास?”

“गाडी माझी होती.”

“गाडीत मी माझ्या पायांनी चढले. मला जायचं होतं. सकाळी तिच्या कपाळाला हात लावला तेव्हाच चटका बसला होता, तरी गेले. माझ्या दोन नव्या चाली होत्या त्या दिवशी, आणि लोकांना त्या गाताना मला बघायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.” मग ती म्हणाली, “आणि निघताना डॉल्फला बजावून गेले, तापात गार पाणी देऊ नकोस, आतडी फाटतात. आई तसंच म्हणायची. दिवसभर पोर तहानेनं तडफडली ती माझ्या शब्दापायी. ते कडवं त्याचं आहे. तुझं नाहीच ते.”

अंगणात कोंबड्या मातीत पाय झाडत होत्या. त्यांच्याकडे बघत कॉय म्हणाला, “मग मी उगाच कापलं.”

“उगाच कापलंस.”

“तुला राग आला पाहिजे.”

“येतोय. जरा दम धर.”

तो दम धरून बसला. थोड्या वेळानं तिनं आतून ताक आणून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “मूर्ख आहेस. बाबा असते तर त्याच वस्तऱ्याला धार लावायच्या पट्ट्यानं तुला फोडून काढलं असतं.”

“हो.”

“बावीस वर्षं एका गाढवापायी मी तोंड मिटून बसले.”

“हो, आर्वी.” त्यानं ताक संपवलं. “पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात मी नसेन. या वर्षी ते गा. गेलेल्यांची यादी वाचतात तेव्हा. सूर मी देईन, तेवढी हवा आहे अजून.”

तिनं रिकामा पेला उचलला आणि ती आत गेली.

ऑगस्टचा तिसरा रविवार आला तो कडक उन्हाचा. चर्चच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. चार बाजूंना चार बाक-रांगा, मधे मोकळा चौक. दीडशेच्या वर माणसं असतील. दुपारच्या जेवणाआधी रूएल टिडमोरनं वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली आणि रीतीप्रमाणे विचारलं, या मंडळींसाठी कोण गाईल?

आर्वेला उठली. ती चौकात जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

“एकशे एकवीस,” ती म्हणाली. “स्वर गाऊ तसे गा. शब्दांसाठी मात्र पुस्तकं मिटा. मी दोन-दोन ओळी सांगेन, त्या उचला. पुस्तकं नव्हती तेव्हा आपली माणसं अशीच गायची.”

बाकांवर कुजबूज झाली. रूएलनं कॉयकडे बघितलं. कॉयनं हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि सूर दिला. आवाज कसला, नुसता वारा होता, पण तो नेमक्या जागी होता. चारही बाकांनी तो धरला. स्वर झाले. मग आर्वेलानं पहिल्या दोन ओळी सांगितल्या आणि लोकांनी त्या उचलल्या. पहिलं कडवं उन्हाळ्याचं होतं, दुसरं पोरीच्या केसांचं. तिसऱ्याला वरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या गाता गाता थांबल्या, त्या दिवशी मेळ्यात आर्वेलाच्या शेजारी बसलेल्या. चौथं सांगताना आर्वेलाचा आवाज जराही हलला नाही.

“माझे गाणे ऐकलेस,
तिची हाक नाही?”

लोकांनी ते गायलं, पण चाचरत. अशा तऱ्हेनं देवाला विचारायची त्यांना सवय नव्हती.

“सांग देवा, तुझ्या घरी
कोण तिची आई?”

ही ओळ पूर्ण चार सुरांत उठली. खर्जाच्या बाकावर कॉयचे नुसते ओठ हलत होते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गड्यांनी त्याच्या वाटचा आवाज लावला. गाणं संपलं आणि पुढचं पान कुणी लगेच पुकारलं नाही. शेवटी रूएल म्हणाला, “जेवून घेऊ या.”

जेवण बाहेर, ओकच्या झाडांखाली लांब फळ्यांवर मांडलेलं होतं. तळलेली कोंबडी, वालाचे दाणे, मक्याचा पाव, पीचची गोड पाई. आर्वेला ताट वाढून घेत होती तेव्हा रूएल तिच्याजवळ आला. माणूस सरळ, पण घसा खाकरल्याशिवाय त्याला बोलता येत नसे.

“सिस्टर आर्वेला, मला हे शब्द ठाऊकच नव्हते. शपथेवर सांगतो.”

“ठाऊक आहे, ब्रदर रूएल. तुमच्या बायकोचं लोणचं कुठल्या टोकाला ठेवलंय?”

“लोणचं? ते... तिकडं आहे. मी म्हणत होतो, पुढची आवृत्ती निघेल तेव्हा हे शब्द घालायला हवेत. फक्त शेवटचं कडवं जरा देवाकडं वळवता आलं तर.”

“ते देवाकडंच वळलेलं आहे.”

“हो, पण जरा नरमाईनं.”

“बघू,” ती म्हणाली आणि लोणचं शोधायला गेली.

संध्याकाळी डॉल्फनं गाडी काढली. येताना तो नेहमीसारखाच गप्प होता, म्हणून तिला काही वेगळं वाटलं नाही. ओढ्याच्या पुलाअलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

“काय झालं? तापली का?”

“नाही.” त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. “मी खिडकीपाशी उभा होतो. ऐकलं सगळं. ते कधी लिहिलंस तू?”

“त्याच हिवाळ्यात.”

“मला कधी दाखवलं नाहीस.”

“तुला गाण्यातलं काय...” ती थांबली. “नाही दाखवलं.”

“तसं नव्हतं झालं, आर्वेला.”

“काय नव्हतं झालं?”

“पाण्याचं. तिनं तुला हाका मारल्या, ते खरं. दुपारभर मारल्या. पण पाणी मिळालं तिला. मी दिलं.”

आर्वेला त्याच्याकडे वळून बसली.

“तू नको म्हणाली होतीस. बारा वाजेपर्यंत मी नाहीच दिलं. ओला फडका ओठांवर ठेवत होतो. मग मला बघवेना. विहिरीवर गेलो, ताजं ओढलं आणि पेला भरून दिला. दोन पेले घेतले तिनं, तिसरा अर्धा. म्हणाली, पप्पा, इतकं गार आहे की दात दुखले. हसली थोडी. मग झोपली तासभर.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, आतडं फुटलं. तू म्हणाली होतीस तसंच झालं. मला वाटलं, मीच.”

“सत्तावीस वर्षं तुला असं वाटतंय?”

“तू विचारलं नाहीस. मला सांगवलं नाही.”

पुलाखालून पाणी जात होतं. मागून एक गाडी आली, त्यातल्या माणसानं काही मदत हवी का म्हणून विचारलं, डॉल्फनं हात हलवला आणि ती गेली.

“पाण्यानं तसं होत नाही, डॉल्फ,” आर्वेला म्हणाली. “आता डॉक्टरच सांगतात, तापात पाणी पाजा. पाजा, पाजा म्हणून मागं लागतात. आईला काय माहीत होतं? काहीसुद्धा नाही. मलाही नव्हतं.”

“गिरणीच्या डॉक्टरलाही मी एकदा विचारलं होतं. तोही हेच म्हणाला.”

“मग?”

“माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यानंच माझी बोटं चुकीची शिवली.”

तिला हसू आलं आणि ते हसू मध्येच मोडलं. ती रडायला लागली. डीनी गेली तेव्हाही ती डॉल्फसमोर रडली नव्हती. चुलीपाशी, पाठ फिरवून रडली होती. डॉल्फनं आपला मोडका हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तो तसाच बसून राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. “अजून काय म्हणाली?”

“कधी?”

“त्या दिवशी. मी गेल्यापासून मी येईपर्यंत. सगळं सांग.”

डॉल्फ बोलणारा माणूस नव्हता. पण त्यानं सांगितलं. सकाळी ती मांजरीचं पिल्लू मागत होती, ते आणून दिलं तर ते पळून गेलं. मग तिनं विचारलं की मम्मा आत्ता कुठलं पान गात असेल. डॉल्फनं तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तर ती म्हणाली, ते पान सकाळी गातात, दुपारी नाही. हे सगळं तो थांबत थांबत सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच चालत कॉयकडे गेली. तो उशांना टेकून बसला होता. तिनं त्याला पाण्याचं सांगितलं. कॉयनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तिसरं कडवं खोटं आहे?”

“अर्धं.”

“बघ. तरीच मी कापलं होतं.”

“तोंड बंद कर,” आर्वेला म्हणाली, आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

कॉय ऑक्टोबरात गेला. दफनाला काय गायचं ते त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं, तीन जुनी गाणी, तिन्ही खर्जाला भरपूर काम असलेली. ‘विलाडीन’ त्यात नव्हती. आर्वेलानं तिन्ही गायली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याच्या दगडावरच्या दोन ओळीही तिनंच दिल्या.

रूएल टिडमोरला तिनं कळवून टाकलं की एकशे एकविसाव्या पानावरचे शब्द आहेत तसे राहू देत. ते दुसऱ्या माणसांच्या उपयोगी पडतात. तिचे शब्द अजून दुरुस्तीत होते.

आणि ते खरंच होतं. हिवाळा लागला तशी ती रात्रीची भांडी झाल्यावर टेबलाशी बसू लागली, आणि डॉल्फ पलीकडे पेपर घेऊन बसे. एकदा तिनं त्याला वाचून दाखवलं.

“बाप होता उशापाशी,
पेला ओठी लावी...”

डॉल्फनं पेपर खाली केला. “तसं नव्हतं.”

“आता काय?”

“मी नाही लावला. तिनं स्वतः धरला. मी धरायला गेलो तर रागावली. दोन्ही हातांनी धरला.”

आर्वेलानं बोटांवर अक्षरं मोजली. “बसत नाही, डॉल्फ.”

“मला त्यातलं कळत नाही. पण दोन्ही हातांनीच धरला होता.”

तिनं ती ओळ खोडली, आणि कागदाच्या कडेला ‘दोन्ही हातांनी’ हे दोन शब्द आधी लिहून ठेवले.